लिस्बन एका दिवसात, पायी: चढ कुठे टाळायचा?

पायपीट
ऑक्टोबरच्या मध्यात, मंगळवारी, लिस्बनसाठी एक पूर्ण दिवस आहे. सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसात. आम्ही तिघं, त्यात एक पासष्टीच्या बाई. सपाटीवर आठ-दहा किलोमीटर चालतात, पण गुडघा कुरकुरतो. बसमधून फेरी नको, जुनं शहर पायीच बघायचं आहे. नकाशावर कार्मोचे अवशेष, किल्ला, अल्फामा, कथीड्रल सगळं दीड-दोन किलोमीटरच्या आत दिसतंय, म्हणून दुपारनंतर बेलेंही धरलं आहे. एवढं बसेल का? ट्राम २८ चं तिकीट आधी काढावं लागतं का?

घाटवाटा
लिस्बनमध्ये अंतराचा हिशोब करूच नका, उंचीचा करा. नदीकाठचा चौक पाण्याच्या पातळीला आणि किल्ला साधारण ११० मीटरवर. सरळ रेषेत अंतर जेमतेम पाऊण किलोमीटर. मधली सगळी वाट जिन्यांची नाहीतर भिंतीसारख्या चढाची. नकाशाचं ॲप ती 'बारा मिनिटं' दाखवतं, प्रत्यक्षात धापा टाकत पंचवीस.

सोपा उपाय: जुन्या शहराची बायशा ही सपाट दरी समजा. पूर्वेला किल्ला-अल्फामाची टेकडी, पश्चिमेला शियादो-बायरो आल्तोची. दोन्ही टेकड्यांवर एकेकदाच चढायचं, तेही यंत्रानं, आणि वरून खाली उतरत बघायचं.

सकाळी पूर्वेची टेकडी घ्या. प्रासा दो कोमेर्सियो या नदीकाठच्या चौकातून सुरुवात करा. कमान ओलांडून रुआ ऑगस्टावर आलात की उजवीकडचे समांतर रस्ते मोजत रुआ दोस फांकेरोस गाठा. तिथे एका जुन्या इमारतीतच सार्वजनिक लिफ्ट आहे. फुकट. दर्शनी भिंतीवर वरच्या बाजूला 'एलेव्हादोर कास्तेलो' लिहिलंय. मान वर केली नाही तर चुकतं, खालून दार कुठल्याही इमारतीसारखं दिसतं. वर रुआ दा मादालेना या रस्त्यावर बाहेर पडाल. रस्ता ओलांडून समोरच्या छोट्या चौकातून दोन-तीन मिनिटं पुढे गेलात की शाओ दो लोरेरो या जुन्या मंडईची इमारत लागते. खाली सुपरमार्केट, वर वाहनतळ. तिथली लिफ्टही फुकट, ती गच्चीवर सोडते. तिथून किल्ल्याच्या दारापर्यंत उरलेला चढ किरकोळ आहे.

नकाशावाला
घाटवाटांशी सहमत, फक्त एक दुरुस्ती. 'लिफ्टनं वर, पायी खाली' हे सूत्र दमछाक टाळायला उत्तम आहे, गुडघ्यासाठी नाही. गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त छळतो, आणि अल्फामाचे जिने तर ठार. पायऱ्या एकसारख्या नाहीत: एक वीत उंच, मग हातभर लांब उतरती पायरी, मग पुन्हा आखूड. लय सापडत नाही आणि प्रत्येक पायरीला वजन त्याच गुडघ्यावर येतं.

तुमच्यापैकी दोघं जिन्यांनी उतरा. बाईंना पोर्तास दो सोल या किल्ल्याजवळच्या, दृश्य दिसणाऱ्या चौकातून २८ किंवा १२ नंबरच्या ट्राममध्ये बसवा, किंवा ट्रामच्या रुळांच्या कडेनं चालत कथीड्रलपर्यंत आणा. उतार आहे पण पायऱ्या नाहीत. मात्र लिमोएरो रस्त्यावर पदपथ इतका अरुंद होतो की ट्राम आली की भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. तिसरा पर्याय म्हणजे त्याच दोन लिफ्ट उलट्या क्रमानं. आणि वर जातानाच लिफ्ट बंद दिसल्या (अधूनमधून दिसतात), तर प्रासा दा फिगेराहून ७३७ नंबरची छोटी बस थेट किल्ल्याशी जाते.

कडकचहा
रस्त्यांची नावं वाचायला शिका, अर्धा नकाशा तिथेच आहे.

'रुआ' म्हणजे साधा रस्ता. 'त्रावेसा' म्हणजे दोन रस्त्यांना जोडणारी आडवी गल्ली. 'लार्गो' म्हणजे छोटा चौक, बहुतेक वेळा बाक आणि सावली असते. 'काल्सादा' लिहिलं असेल तर चढ समजून चाला. 'एश्कादिन्यास' म्हणजे जिना, शंका नको. आणि 'बेको' म्हणजे बोळ, तो पुढे बंद असण्याची शक्यता दाट. अल्फामात ॲपवरचा निळा ठिपका भिंतींमुळे भरकटतो, तेव्हा ही पाटीच उपयोगी. बेकोत शिरून जिना उतरलात आणि पुढे कुणाचं तरी दार निघालं, तर तोच जिना परत चढायचा!

बायशातल्या रस्त्यांची नावं व्यवसायांवरून आहेत: फांकेरोस म्हणजे कापडवाले, सापातेरोस म्हणजे चांभार, प्राता म्हणजे चांदी. पुण्यातल्या तांबट आळीसारखंच, फरक इतका की इथे हे एका फटक्यात, आखणी करून ठरवलं.

मोगरा
ते एका फटक्यात का झालं हे कळलं तर बायशा बघायला मजा येते, नाहीतर ती नुसती दुकानांची रांग वाटते.

१ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊच्या पुढे. चर्च भरलेली, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला, लोक मोकळी जागा म्हणून नदीकाठी पळाले, आणि तिथे समुद्राच्या लाटा आल्या. वर आगी कित्येक दिवस जळत राहिल्या. मार्केस दि पोंबाल या मंत्र्यानं सपाट भागाची पूर्ण नवी, काटकोनात आखणी केली. तिथल्या इमारतींच्या भिंतींत लाकडी सांगाडा आहे, चौकटीत फुली मारल्यासारखे आडवे-तिरपे वासे. त्याला 'गायोला', म्हणजे पिंजरा म्हणतात. हादरा बसला तर दगडकाम गळून पडेल पण पिंजरा उभा राहील, हा त्यामागचा विचार. खाली जमीन ओली, म्हणून पायाला लाकडी खुंट ठोकले आहेत. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. दिसते ती सगळ्या इमारतींची सारखी उंची आणि सारख्या खिडक्या.

कार्मोच्या मठाचं छत तेव्हा पडलं, ते तसंच ठेवलं आहे. वर नुसत्या टोकदार कमानी आणि आकाश. तुमचा मंगळवार आहे म्हणून ठीक, रविवारी ते बंद असतं. त्याच चौकात, लार्गो दो कार्मोमधल्या बराकीत, २५ एप्रिल १९७४ च्या लष्करी उठावात पंतप्रधान काएतानो आश्रयाला गेला आणि तिथेच त्याला सत्ता सोडावी लागली. त्या चौकातल्या झाडांखाली दहा मिनिटं बसा.

अल्फामा खडकावर असल्यानं १७५५ मध्ये बरीच वाचली. तिची वाकडी वाट मूरांच्या, म्हणजे इथल्या जुन्या मुस्लिम राजवटीच्या काळातली आहे. नावही अरबी 'अल-हम्मा'वरून, गरम पाण्याचे झरे.

दोनचाकी
बूट! इतके प्रतिसाद झाले आणि बुटांचा विषय कुणी काढलाच नाही.

पदपथ सगळे 'काल्सादा पोर्तुगेझा'चे: हातानं फोडलेले चुनखडीचे छोटे चौकोनी दगड, मध्ये काळ्या दगडाची नक्षी. वाळूच्या थरावर एकेक दगड हातोडीनं बसवतात, सिमेंटनं धरलेले नसतात. त्यामुळे दोन गोष्टी होतात. एक, पावलांनी घासून पांढरा दगड गुळगुळीत होतो आणि ओला झाला की साबण. दोन, एक दगड निघाला की शेजारचे सैल होतात आणि टाच अडकेल एवढा खड्डा पडतो. कुणी पदपथ दुरुस्त करताना दिसला तर थांबून बघा: मांडीजवळ दगडांचा ढीग, एका हातात दगड धरून दुसऱ्या हातानं हातोडीचे दोन ठोके, कोपरा उडाला की दगड जागेवर. मोजमाप नाही, सगळं डोळ्यानं.

म्हणून: रबरी, खोल नक्षीचा तळवा असलेले बूट. तळवा झिजलेले जुने 'आरामदायी' बूट नेऊ नका, कोल्हापुरी तर विसरा. ऑक्टोबरात सर येऊ शकते. पाऊस पडला तर उतारावर जिन्याची बाजू पकडा, कठडा असतो. ट्रामचे रूळ ओलांडताना पाऊल रुळावर ठेवू नका, तो दगडापेक्षा निसरडा. चाकांची बॅग ओढत फिरणार असाल तर चाकांवर पाणी सोडा.

चिवडा२४
ट्राम २८ चं आरक्षण नसतं. नावेगांते कार्ड घ्या, कोरं कार्ड पन्नास सेंटला, मेट्रो स्टेशनच्या यंत्रावर. गाडीत चालकाकडे घेतलं तर भाडं बरंच जास्त. दोन चुका सगळेच करतात:

एका कार्डावर तिघांना चढता येत नाही, प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं. आणि कार्डात 'झॅपिंग'चे (म्हणजे आधी भरलेले) पैसे शिल्लक असताना त्याच कार्डावर दिवसाचा पास भरता येत नाही. आधी ठरवा. दिवसात चार-पाच वेळा बसणार असाल तर पास, दोन-तीन वेळा असेल तर झॅपिंग.

२८ मार्तीं मोनीझहून सुटते आणि तिथेच रांग सगळ्यांत लांब. गाडीत बसायला जागा जेमतेम वीस. दहानंतर ती पर्यटकांनी ठासून भरते आणि मग खिसेकापूंचं फावतं. पाठीची सॅक पोटावर घ्या, फोन मागच्या खिशात नको. सकाळी नऊच्या आतली एखादी फेरी मिळाली तर बसा. नाहीतर ती बाहेरून बघायलाच जास्त छान दिसते.

घाटवाटा
नकाशावाला, उताराचा मुद्दा पटला.

पश्चिमेच्या टेकडीचं राहिलं. तिथे जाताना सांता जुस्ता लिफ्टच्या रांगेत उभं राहू नका. १९०२ ची ती लोखंडी लिफ्ट ४५ मीटर उंच आहे, देखणी आहे, पण तिच्यासाठी तासभर घालवणं मूर्खपणा. खालून फोटो काढा. मग बायशा-शियादो मेट्रो स्टेशनात बायशाच्या बाजूनं शिरा आणि सरकत्या जिन्यांनी शियादोच्या तोंडाशी बाहेर पडा. मधला मार्ग तिकिटाच्या फाटकांच्या बाहेरून जातो, त्यामुळे पैसे लागत नाहीत. गावातले लोक हेच करतात. एखादा जिना बंद असतो, तेव्हा मात्र तेवढा टप्पा पायी चढावा लागतो आणि तो लांबलचक आहे. वरून कार्मोच्या चौकात आलात की मठाच्या बाजूनं मागच्या गच्चीवर जाता येतं. तिथून लिफ्टचं डोकं आणि समोरचा किल्ला दोन्ही दिसतात, फुकटात.

ग्लोरिया या उताराच्या रुळगाडीवर विसंबून आखणी करू नका. ३ सप्टेंबर २०२५ ला तिला अपघात झाला, १६ जण गेले, आणि त्यानंतर बाकीच्या तशा गाड्याही तपासणीसाठी थांबवल्या. जायच्या आठवड्यात काय चालू आहे ते बघून घ्या.

उंबरठा
किल्ल्याबद्दल उलटं मत. वेळ कमी असेल तर किल्ल्याचं तिकीट काढू नका. तट-बुरूज आज दिसतात त्यातलं बरंचसं १९४० च्या आसपासच्या सरकारी जीर्णोद्धाराचं आहे, आणि आत मोर, झाडं आणि दृश्य. सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्याला तिथे दीड तास घालवण्यासारखं फार नाही. दृश्यच हवं असेल तर ते बाहेर फुकट मिळतं, फक्त कुठल्या वेळी कुठे उभं राहायचं ते कळलं पाहिजे:

पोर्तास दो सोल आणि सांता लुझिया पूर्व-आग्नेयेला नदीकडे बघतात. सकाळी जा. उतरत्या दुपारी सूर्य मागच्या टेकडीआड जातो आणि घरं सावलीत जातात. सांता लुझियाच्या भिंतीवर निळ्या अझुलेजो फरशांत भूकंपाआधीचा नदीकाठचा चौक काढलेला आहे, तो बघून मग खाली खरा चौक बघा. साओ पेद्रो दि अल्कांतारा ही बाग पूर्वेला, किल्ल्याकडे तोंड करून आहे. तिथे संध्याकाळी जायचं, कारण मावळतीचं ऊन थेट समोरच्या किल्ल्यावर पडतं. सूर्य बुडताना बघायचा असेल तर ग्रासा किंवा सेन्योरा दो मोंते. ऑक्टोबरच्या मध्यात सूर्यास्त सातच्या आसपास, तुमच्या वेळेत बसतो.

आणि पोर्तास दो सोलहून जिने उतरणाऱ्या दोघांनी सांता लुझियाच्या चर्चलगतच्या कमानीखालून जावं. आत भिंतभर व्यंगचित्रांत लिस्बनचा इतिहास रंगवलेला आहे. तो जिना मूरांच्या जुन्या तटाला चिकटून खाली जातो. पुढे साओ मिगेल चर्चवरून लार्गो दो शाफारीझ दि देंत्रोपर्यंत उतरलात की अल्फामा संपली, सपाटी आली.

पायपीट
अनेक आभार. किल्ला वगळला. म्हणजे दुपारी बेलेंला वेळ मिळेल ना?

नकाशावाला
मिळणार नाही. म्हणजे जाता येईल, बघता येणार नाही. बेलें सहा किलोमीटर पश्चिमेला. काइस दो सोद्रेहून लोकलनं दहा मिनिटांच्या आत, १५ नंबरच्या ट्रामनं अर्धा तास. प्रवास छोटाच, वेळ खातात त्या रांगा. जेरोनिमोसचा मठ सोमवारी बंद असतो, म्हणून मंगळवारी गर्दी जास्त. मठाची रांग आणि चर्चची रांग वेगळी आहे हे पुष्कळांना कळत नाही. तिकिटाची ती मठाच्या ओवऱ्यांची. चर्चमध्ये जायला तिकीट नसतं, आणि वास्को द गामाची कबर चर्चमध्ये आहे, दारातून शिरताच कॉयरच्या (गायकांच्या सज्जाच्या) खाली. मठाचं बांधकाम १५०१ मध्ये सुरू झालं आणि खर्च निघाला तो मसाल्यांवरच्या कराच्या पैशातून. म्हणजे तिथल्या दगडी दोरखंडांच्या नक्षीत मलबारची मिरी आहे.

बेलेंचा मनोरा २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद केला, जाण्याआधी खात्री करा. तसंही आत अरुंद गोल जिना, गुडघ्याला वर्ज्य.

एक तर सकाळी साडेनऊला थेट बेलें आणि दुपारी फक्त शियादो-कार्मो, नाहीतर बेलें सोडा. दोन्ही टेकड्या आणि बेलें एका दिवसात कोंबले तर उरतात ते फक्त बसथांबे.

मोगरा
बेलें सोडलंत तरी गोव्याचा धागा जुन्या शहरातच सापडतो. अल्फामातून खाली आल्यावर नदीच्या बाजूनं बायशाकडे येताना टोकदार, हिऱ्यासारख्या पैलूंच्या दगडांची इमारत लागते: कासा दोस बिकोस. १५२३ मध्ये ब्रास द आल्बुकेर्कनं बांधली, गोवा घेणाऱ्या अफोंसो द आल्बुकेर्कचा मुलगा. वरचे मजले १७५५ मध्ये गेले, ते १९८० च्या दशकात नव्यानं चढवले. जुन्या-नव्याचा फरक खिडक्यांत दिसतो. हापूस ज्याच्या नावानं ओळखतात तो हाच अफोंसो, असं सांगतात.

पश्चिमेच्या टेकडीवर साओ रोके चर्च चुकवू नका. बाहेरून गोदामासारखं सपाट, आत डाव्या हाताला सेंट जॉनचं प्रार्थनाघर. ते १७४० च्या दशकात रोममध्ये बांधलं, सुटं केलं आणि जहाजानं आणून इथे जोडलं. निळा दगड दिसतो तो लाजवर्द. छत वर बघा: घुमट वाटतो, प्रत्यक्षात सपाट लाकडावर रंगवलेला आहे. सॅक्रिस्टी (पूजेचं साहित्य ठेवायची खोली) उघडी असली तर आत आंद्रे रेनोसोनं काढलेली फ्रान्सिस झेवियरच्या आयुष्यावरची चित्रमालिका आहे, वीस चित्रं. झेवियर १५४१ मध्ये लिस्बनहूनच गोव्याकडे निघाला. सहाच्या आत पोचा.

चिवडा२४
गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशाहानं दिलेला गेंडा आल्बुकेर्कनं गोव्याहून पोर्तुगालच्या राजाला पाठवला, तो मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला. तेव्हा कोमेर्सियो चौकाच्या जागी राजवाडा होता, तिथे त्याला हत्तीसमोर उभं केलं. हत्ती पळाला. बेलेंच्या मनोऱ्यावर वायव्येच्या छोट्या बुरजाखाली गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे. पाऊसवाऱ्यानं झिजलंय, पण काठावरून दिसतं. मनोरा बंद असला तरी हे बघायला तिकीट लागत नाही.

कडकचहा
जेवण. साडेबारा ते तीन, नंतर बहुतेक स्वयंपाकघरं संध्याकाळपर्यंत बंद. दाराशी फळ्यावर 'प्रातो दो दिया' लिहिलेलं असतं, ते घ्या. रुआ ऑगस्टावर मेन्यू हातात घेऊन बोलावणाऱ्यांकडे जाऊ नका. एक-दोन गल्ल्या सोडून, उभ्यानं खाणारी गिऱ्हाइकं दिसतील तिथे शिरा.

बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, चीज आपोआप टेबलावर येतं. ते पाहुणचाराचं नाही, 'कुव्हेर' म्हणून बिलात लागतं. नको असेल तर हात न लावता परत करा, मग पैसे घेत नाहीत.

शाकाहारी असाल तर 'सें कार्न' (मांस नको) एवढं पुरत नाही, कारण मासे त्यात धरत नाहीत. 'सें कार्न, सें पेइश' म्हणा. काल्दो व्हेर्द हे हिरव्या पानांचं सूप निरुपद्रवी दिसतं, त्यात डुकराच्या सॉसेजची चकती तरंगते. ती काढून दिली तरी चव आत उतरलेली असते. मेन्यूवर 'बताता', 'कोव्ह', 'अनानास', 'पपाया' वाचून बरं वाटेल, बटाटा-कोबी-अननस-पपई आपल्याकडे याच भाषेतून आले.

पिण्याचं पाणी नळाचं चालतं, बाटल्या भरून घ्या. बायशात कुणी कुजबुजत 'हशीश' विकायला आला तर मान हलवून पुढे. बहुतेकदा ती दाबलेली तमालपत्रं असतात, आणि पोलिसांत तक्रार कुणी करणार नाही हेच त्याचं भांडवल.

पायपीट
ठरलं. सकाळी लिफ्टनं वर, पोर्तास दो सोल, दोघं जिन्यानं आणि बाई ट्रामनं, कासा दोस बिकोसपाशी भेट. जेवण. मग मेट्रोच्या जिन्यांनी शियादो, कार्मो, साओ रोके, शेवटी अल्कांतारा. बेलें बाद.

उंबरठा
एकच बदल. ट्राम कासा दोस बिकोसपाशी जात नाही, ती कथीड्रलसमोरून बायशात वळते. बाईंना कथीड्रलच्या थांब्यावर उतरवा आणि भेट तिथेच ठेवा. बाकीच्या दोघांनी तेवढा एक चढ चढावा. आणि मंगळवार आहे तर ग्रासाच्या बाजूला सांता क्लाराच्या मैदानात फेरा दा लाद्रा हा जुना बाजार भरतो, मंगळवारी आणि शनिवारी. दुपारनंतर पथारीवाले आवरू लागतात, जायचं तर अकराच्या आत. शेजारीच पँथिऑनचा, म्हणजे मूळच्या सांता एंग्रासिया चर्चचा, पांढरा घुमट. काम १६८२ ला सुरू झालं, संपलं १९६६ ला; रखडलेल्या कामाला तिथे अजूनही 'सांता एंग्रासियाचं काम' म्हणतात.

दोनचाकी
म्हणजे आपल्याकडचा कुठलाही उड्डाणपूल.